थोडं तरी घ्या

“माझ्याकडे काम करशील का?” कॉलिननं विचारलं, आणि मी म्हणालो, “छे छे, नको. उगाच तुम्हाला कशाला त्रास?”

म्हणालो इंग्रजीत, पण मनातून ते वाक्य अस्सल कोल्हापुरी होतं. कॉलिननं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, “बरं” म्हणाला, हातोडी उचलली आणि पुन्हा दाजींच्या गाडीच्या दाराकडे वळला.

मी तिथंच उभा राहिलो. आता तो दुसऱ्यांदा विचारणार होता. दुसऱ्या वेळी मी जमिनीकडे बघत, जरा कमी जोरात नको म्हणणार होतो. तिसऱ्यांदा तो म्हणाला असता, “अरे, असं काय करतोस?” आणि मग मी म्हणणार होतो, “बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर.” आमच्याकडे असंच असतं. पोटात कावळे ओरडत असले तरी पाहुण्यानं पहिल्या वाढपाला ताटावर आडवा हात धरायचा, आणि वाढणाऱ्यानं तो हात बाजूला सारून वाढायचं. हात धरला नाही तर पाहुणा हावरा ठरतो, आणि सारला नाही तर घर कंजूष.

कॉलिननं रेडिओ लावला.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. थोड्या वेळापूर्वी त्यानं “चहा घेणार?” म्हणून विचारलं होतं. मी अर्थातच नको म्हणालो. त्यानं एकच कप चहा केला आणि माझ्यासमोर त्यात बिस्किटं बुडवून शांतपणे संपवला. मला वाटलं, म्हातारा विसरभोळा असावा.

ही गोष्ट इन्व्हरकार्गिलची. न्यूझीलंडच्या नकाशावर अगदी तळाला बघा, तिथं ते गाव आहे. तिथं माझी उज्ज्वलाअक्का राहते. आमचे दाजी, म्हणजे अक्काचे मालक, तिथल्या दूध पावडरच्या कारखान्यात मशिनरी बघतात. मी गेलो होतो भाच्याच्या जावळाला. बाळाचे पहिले केस काढताना त्याला मामाच्या मांडीवर बसवावं लागतं, आणि अक्काला दुसरा भाऊ नाही. तेव्हा ती मांडी कोल्हापुराहून विमानानं मागवण्यात आली.

व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात आमच्या एजंटनं भेटीचं कारण लिहिलं होतं, ‘भाच्याचे केस कापण्यासाठी’. ऑकलंडच्या विमानतळावरच्या बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, “तुम्ही न्हावी आहात? व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, माहीत आहे ना?”

मी म्हणालो, “मी केस कापणार नाही, मॅडम. मी फक्त मांडी देणार.”

बाईंनी बराच वेळ माझ्या मांडीकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

जावळ झालं. बाळानं माझ्या मांडीवर जे करायचं ते केलं. मी परत जायच्या बेतात होतो, तेवढ्यात कोल्हापुराहून माझ्या गॅरेजमालकांचा फोन आला. शिरोली नाक्याजवळच्या त्यांच्या गॅरेजमध्ये मी मिसरूड फुटल्यापासून डेंटिंगचं, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचं काम करत होतो. मालक म्हणाले, “सर्जेराव, तू निवांत फिरून ये. घाई करू नको. गॅरेज मोडलं. जागा मंगल कार्यालयाला दिली.” म्हणजे माघारी गेलो असतो तर माझ्या जागेवर कुणाच्या तरी वराती नाचताना बघायच्या होत्या.

दाजींनी मग चौकशी केली. त्या वेळच्या नियमांत डेंटिंगचं काम कुशल कारागिरीत धरत होते. बाहेरचा माणूस ठेवायची परवानगी असलेल्या एखाद्या गॅरेजवाल्यानं नोकरी देऊ केली, तर तिथं बसूनच व्हिजिटरचा वर्क व्हिसा करून घेता येत होता. आणि अशी परवानगी असलेला, जाहिराती देऊन देऊन कंटाळलेला एक म्हातारा गावातच होता. फक्त त्यानं ‘ये’ म्हणायला हवं होतं.

दाजींनी त्यासाठी स्वतःची गाडी स्वतःच्या फाटकावर घातली. ते आजही म्हणतात की चुकून घातली.

कॉलिनच्या गॅरेजमध्ये मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो. व्हिजिटरनं हातोडीला हात लावायचा नाही, असं दाजींनी तीनतीनदा बजावलं होतं. मिठाईच्या दुकानात खिसा रिकामा असलेल्या पोरासारखी माझी अवस्था होती. शेवटी राहवलं नाही, म्हणालो, “दोन बोटं खाली मारा.” त्यानं तळव्यानं पत्रा चाचपला, दोन बोटं खाली मारला, परत चाचपला आणि मग माझी सगळी कुंडली विचारून घेतली. कुठं शिकलास, किती वर्षं, रंगकाम येतं का. आणि मग त्यानं ते विचारलं, आणि मी नको म्हणालो.

घरी गेलो तर अक्का दारातच उभी.

“मग? विचारलं का त्यानं?”

“विचारलं की. कामाला येतोस का म्हणाला.”

“आई अंबाबाई!” अक्कानं दोन्ही हात जोडले. “आणि तू काय म्हणालास?”

“नको म्हणालो.”

अक्काचे जोडलेले हात तसेच राहिले. “का?”

“का म्हणजे? पहिल्यांदाच हो म्हणायचं? हावऱ्यागत? परत विचारंल की त्यो.”

आतून दाजींचं हसणं ऐकू आलं. ते फ्रीजला टेकून, बाळाला कडेवर घेऊन हसत होते आणि त्यांच्याबरोबर बाळही हसत होतं.

“अहो, हसताय काय!” अक्का गरजली. “खुळ्यानं हातची नोकरी घालवली! सर्ज्या, इथं परत न्हाई विचारत रे कुणी! इथं एकदाच विचारत्यात. दुसऱ्यांदा विचारलं की ते मागं लागणं होतंय. समोरच्यानं नको म्हटलंय, त्याचा मान ठेवायचा, असली ह्यांची रीत.”

“असली कसली रीत?”

“असलीच. मी नवी आले तवा शेजारच्या बाईनं केक खायला बोलावलं. मी नको म्हटलं. तिनं सगळा केक उचलला आणि फ्रीजमध्ये ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत! घरी येऊन शिळा भात खाल्ला आणि रडले.”

“मग आत्ता जाऊन सांगतो की, हो म्हणून.”

“सांग की,” दाजी म्हणाले. “जा, पाव्हणं.”

दुसऱ्या दिवशी मी खरंच गेलो. कॉलिन गाडीखाली होता. त्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, “मेव्हण्यानं परत गाडी ठोकली?”

“नाही, नाही. इकडून चाललो होतो.”

“बरं,” म्हणून तो परत गाडीखाली गेला. जिथून मी चाललो होतो त्या रस्त्याला पुढं गॅरेजशिवाय काही नव्हतं. समोर समुद्र होता. पण स्वतःच्या तोंडानं नोकरी मागायला माझी जीभ रेटेना. काल नको म्हणायचं आणि आज दारात उभं राहायचं, म्हणजे माणूस धड ना इकडचा ना तिकडचा, असं त्याला वाटलं असतं. मी समुद्र बघून परत आलो.

माझी मुदत संपत चालली होती. तिकीट काढलेलं होतं. अक्का भांडी नेहमीपेक्षा जोरात घासत होती. शेवटी दाजींनीच तोडगा काढला.

“त्याला जेवायला बोलवू,” ते म्हणाले. “आपलं ‘नको’ म्हणजे काय असतंय, ते त्याला ताटावरच शिकवू. एकदा उमगलं की आपसूक विचारंल.”

अक्कानं लगेच फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

“कॉलिन, रविवारी आमच्याकडे जेवायला या.”

“आभारी आहे. पण नको.”

“नको कसं? या की. मटण करणार आहे.”

“तसदी नको. खरंच नको.”

“तसदी कसली? आम्ही जेवणारच आहोत. तुमची वाट बघतो. या!”

तिकडून काहीच ऐकू येईना. आम्ही तिघं फोनकडे बघत राहिलो. फोन कट झाला असं वाटून अक्का बोट पुढं करणार, तेवढ्यात कॉलिनचा आवाज आला, “किती वाजता?”

“बघा!” अक्का फोन ठेवून म्हणाली. “तिसऱ्यांदा विचारलं की सगळी सारखीच.”

रविवारी मी खिडकीतून पाहिलं, तर त्याची जुनी पिकअप कधीची फाटकाबाहेर येऊन उभी होती आणि तो आत सरळ बसून समोर बघत होता. मी बोलवायला निघालो तर अक्कानं अडवलं. “असू दे. वेळेआधी बेल न्हाई वाजवत ही माणसं.” ठरल्या वेळी बेल वाजली. कॉलिननं कोटाच्या आत शर्ट घातला होता. कोट काढल्यावर दिसलं, शर्टाला इस्त्री फक्त पुढून केलेली होती. मी दाजींना कोपरानं ढोसलं. म्हातारा विजेचीही काटकसर करतोय, असं मला वाटलं.

मेंढ्यांच्या देशात मटणाला तोटा नसतो. अक्कानं तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से केले होते, सुकं मटण केलं होतं. “तिखट बेतानंच घातलंय,” ती कॉलिनला म्हणाली. तिचा बेत कोल्हापूरचाच होता.

कॉलिननं पहिलं ताट निमूट संपवलं. त्यांच्याकडे ताटात काही टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान. आमच्याकडे रिकामं ताट म्हणजे पाहुणा उपाशी. त्यामुळे त्यानं ताट रिकामं केलं की अक्का भरे, आणि अक्कानं भरलं की तो रिकामं करी.

“नको, पोट भरलं,” कॉलिन म्हणाला.

“थोडं तरी घ्या! जस्ट अ लिटल!” अक्कानं पळीभर तांबडा ओतला.

त्यानं तो संपवला. कपाळावर घाम आला होता आणि कान रश्श्याच्या रंगाचे झाले होते.

“अप्रतिम. पण आता खरंच नको.”

“जस्ट अ लिटल!” या वेळी दुसऱ्या बाजूनं दाजी होते, आणि त्यांच्या हातात पांढरा होता.

शेवटी त्या बिचाऱ्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. अगदी आमच्यासारखे. न शिकवता! अक्काची पळी त्याच्या बोटांवर थबकली आणि मला हसू आवरेना.

“कॉलिन,” दाजी खाली बसत म्हणाले, “आमच्याकडे हात धरून काही उपयोग नसतो. पहिलं नको म्हणजे नुसती रीत. दुसरं नको म्हणजे सवय. तिसरं कदाचित खरं असतं, पण तेही वाढून बघावं लागतं.”

कॉलिननं घाम पुसला. “तुम्ही सगळेच असे?”

“सगळे.”

त्यानं मान सावकाश माझ्याकडे वळवली. “हा पण?”

“हा?” अक्का म्हणाली. “हा तर मोठा मानकरी!”

कॉलिन माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी जमिनीकडे पाहिलं, जसं दुसऱ्या वेळी बघायचं असतं. माझे कान आता त्याच्यासारखेच तापले होते. आता विचारणार, अगदी आता.

“हे आधी कळायला हवं होतं,” तो म्हणाला. “वाईट वाटलं. बुधवारी डनीडनहून एक माणूस येतोय कामाला.”

अक्काच्या हातातली पळी पातेल्यात पडली. मग कुणी काही वाढलं नाही. मी हात धुवायला म्हणून मोरीकडे गेलो आणि तिथंच थोडा वेळ उभा राहिलो. इतकी वर्षं मी स्वतःला मोठा हुशार समजत होतो, आणि माझं नशीब मी माझ्याच चांगल्या वळणानं घालवलं होतं.

निघताना अक्कानं त्याच्या हातात डबा दिला. तो नको म्हणाला. अक्कानं डबा परत त्याच्या हातात ठेवला. तिचे डोळे भरले होते, तरी तोंडानं म्हणाली, “डब्याची घाई नाही. फक्त आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.”

बुधवार आला आणि गेला. डनीडनचा माणूस रुजू झाला असेल, असं धरून मी बॅग भरली. अक्कानं आईसाठी दिलेली लोकर, दाजींनी दिलेलं जाकीट, सगळं कोंबून चेन लावली. शनिवारी दुपारी बेल वाजली.

दारात कॉलिन होता, हातात डबा. अक्कानं उघडला तर आत गुंडाळलेले, चीज भरलेले, एका बाजूनं करपलेले पावाचे रोल. तिकडे ते घरोघर करतात. कॉलिननं स्वतः केले होते, हे करपण्यावरून दिसतच होतं.

“रिकामा परत करत नाहीत म्हणालात,” तो म्हणाला. मग दारातल्या माझ्या बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. “सर्ज, माझ्याकडे काम करशील का?”

आणि काय सांगू तुम्हाला, माझं हे तोंड! “छे छे, नको, उगाच तुम्हाला—”

अक्कानं पाठीत जो गुद्दा घातला, तो मला अजून आठवतो.

पण कॉलिन वळला नाही. डोक्यावरची टोपी त्यानं नीट केली, अंगठा आणि बोट जवळ आणून चिमूटभर अंतर दाखवलं आणि अगदी अक्काच्या सुरात म्हणाला, “जस्ट अ लिटल.”

दाजींनी विचारलं, “आणि डनीडनचा माणूस?”

“कुठला माणूस?” कॉलिन म्हणाला. त्याचा चेहरा पत्र्यासारखा सपाट होता. “त्या दिवशी पोट फुटेस्तोवर मी नको म्हणत होतो आणि तुम्ही हसत होतात. म्हटलं, आठवडाभर तुम्हीही जरा जळजळ सोसा.” मग परत माझ्याकडे वळून, “सर्ज, तिसऱ्यांदा विचारतोय. येतोस का?”

“बरं,” मी म्हणालो, “तुम्ही एवढं म्हणताय तर.”

कागदपत्रं गेली. मालकांनी कोल्हापुराहून माझ्या कामाचा दाखला पाठवला. मोडलेल्या गॅरेजचा शिक्का त्यांनी जपून ठेवला होता. नंतर व्हिसाच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. “ही नोकरी तुम्हाला मान्य आहे का?” हे त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी चारदा हो म्हणालो. त्या म्हणाल्या, “एकदा पुरे.” व्हिजिटरचा कामगार झालो आणि सोमवारी हात पाठीमागून पुढं घेतले.

हे सगळं घडलं तेव्हा भाचा दुधाच्या बाटलीवर होता. आता त्याला मिशा फुटायला लागल्यात. मधल्या काळात माझं लग्न झालं, मी अक्काच्या गल्लीतच घर घेतलं. आम्ही कॉलिनला कसं गुंडाळलं, मटण घालून नोकरी कशी काढली, ही गोष्ट मी येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगायचो.

मग कॉलिनचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानं गॅरेज माझ्याकडे सोपवायचं ठरवलं. किल्ली देताना आम्ही दोघंच होतो. मी सहज विचारलं, “त्या पहिल्या रविवारच्या जेवणाला तुम्ही अक्काला दोनदा नको म्हणालात. मग आलात कसे?”

तो चिंधीनं हात पुसत बसला. हात स्वच्छच होते.

“जीन गेली,” तो म्हणाला. जीन म्हणजे त्याची बायको. मी गावात यायच्या आधीच ती वारली होती. “सुरुवातीला सगळ्यांनी फोन केले. कॉलिन, रविवारी जेवायला ये. भली माणसं. मी प्रत्येकाला नको म्हणालो. लगेच हो म्हणायचं बरं दिसत नाही ना, माणूस नुकतं गेल्यावर. त्यांनीही माझ्या नकोचा मान ठेवला. परत कुणी विचारलं नाही. ते बरोबरच आहे. चार वर्षं रविवारी मी टोस्ट खाल्ला. तुझी बहीण पहिली, जिनं तिसऱ्यांदा विचारलं.”

मला एकदम तो पुढूनच इस्त्री केलेला शर्ट आठवला. विजेची काटकसर म्हणून नव्हे. मागून बघणारं घरात कुणी नव्हतं म्हणून. आणि मी दाजींना कोपरानं ढोसलं होतं. किल्ली त्यानं माझ्यापुढं धरली आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, एकही ‘नको’ न म्हणता घेतली.

आता दर रविवारी सकाळी फोन मीच लावतो.

“कॉलिन, जेवायला या.”

“नको रे. पाय दुखतोय.”

“या की. पांढरा केलाय.”

“नको. तसदी कशाला?”

“थोडं तरी घ्या.”

मग तो विचारतो, “किती वाजता?”

मी पडदा बाजूला सारून बघतो. फाटकाबाहेर त्याची पिकअप कधीची येऊन उभी असते, आणि तो आत सरळ बसून, फोन कानाला लावून, मी काय वेळ सांगतो याची वाट बघत असतो.